दुमजली ट्रॉलीतून आनंदपूरला

मार्च महिन्यात, होळीच्या आगेमागे दोन-चार दिवस, रोपडहून कीरतपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादा मोटारवाला सापडला तर त्याने घड्याळाकडे न बघणेच बरे. पुढे ट्रॅक्टर, त्यामागे ट्रॉली, ट्रॉलीवर ताडपत्रीचे छप्पर, छपराखाली चक्क माडी आणि माडीच्या कडेला पाय सोडून बसलेली पोरे. खालच्या मजल्यावर म्हाताऱ्या बायका गुडघ्यांवर रजया ओढून नामस्मरण करीत असतात. मागच्या फाळक्याला बादल्या, कढया आणि एखादी सायकल लटकते. एक ट्रॉली पुढे गेली की तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. निळ्या-केशरी निशाणांची ही रांग ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वेगाने श्री आनंदपूर साहिबकडे सरकत असते. होला मोहल्ल्याला निघालेले हे पंजाब.

आनंदपूर हे शिवालिकच्या पायथ्याशी, सतलजच्या खोऱ्यात वसलेले गाव. नववे गुरू तेगबहादूर यांनी १६६५ मध्ये ते वसवले. १६९९ च्या वैशाखीला गुरू गोविंदसिंगांनी इथेच खालसा पंथाची स्थापना केली आणि त्यानंतर थोड्याच काळात, परंपरेनुसार १७०१ मध्ये, होला मोहल्ला सुरू झाला. इतरत्र लोक रंग खेळत असताना आपल्या लोकांनी घोडेस्वारी, तलवार आणि गटका यांचा सराव करावा, अशी त्यामागची कल्पना. आपण ज्या दिवशी धुळवड खेळतो तो उत्सवाचा मुख्य दिवस. निळ्या वेशातले निहंग भरधाव घोड्यावरून जमिनीतली खुंटी भाल्याने उपटतात तेव्हा चरणगंगेचे मैदान धुळीने भरून जाते. त्या निहंगांची छायाचित्रे दर वर्षी वर्तमानपत्रांत झळकतात. ज्या ट्रॉलीतून ही लाखो माणसे तिथे पोचतात, तिच्याकडे मात्र कॅमेरा सहसा वळत नाही. खरे तर होल्याची तयारी गावोगाव सुरू होते ती या ट्रॉलीपासूनच.

गव्हाची गाडी, माणसांचे घर

ट्रॉली मुळात धान्याची. लांबी दहा-बारा फूट, रुंदी सहा-सात फूट. खाली लोखंडी चॅनेलचा सांगाडा, त्यावर जाड पत्र्याचा तळ आणि चारी बाजूंनी दोन-अडीच फूट उंचीचे फाळके. सांगाड्याखाली कमानपाटे, त्याखाली आस आणि चाके. पुढच्या अंगाला त्रिकोणी दांडा, त्याच्या टोकाला कडी. ही कडी ट्रॅक्टरच्या हुकात बसवून वरून पिन टाकली की गाडी जोडली गेली. पंजाबात अशा ट्रॉल्या मोठ्या कारखान्यांपेक्षा तालुक्याच्या गावच्या वेल्डिंगच्या दुकानांतूनच जास्त तयार होतात. गिऱ्हाईक आपली गरज सांगते, मिस्त्री खडूने जमिनीवर आकृती काढतो आणि चॅनेल कापायला घेतो. कुणाला ऊस वाहायचा म्हणून फाळके उंच हवेत, कुणाला माती टाकायची म्हणून हायड्रॉलिकने उलटणारा तळ हवा. एकाची ट्रॉली दुसऱ्यासारखी तंतोतंत क्वचितच असते.

भात ऑक्टोबर-नोव्हेंबरात मंडीत पोचलेला असतो. गहू अजून शेतात उभा असतो आणि त्याची कापणी सुरू व्हायला वैशाखी उजाडावी लागते. म्हणजे मार्चमध्ये ट्रॉली मोकळी, ट्रॅक्टर मोकळा आणि माणसेही थोडीफार मोकळी. शेतकऱ्याच्या वर्षातल्या या फटीत होला मोहल्ला अगदी नेमका बसतो. मग मालव्यातल्या, म्हणजे संगरूर, बठिंडा, मानसा, मोगा या भागातल्या गावांत आठ दिवस आधीपासून ठोकाठोक ऐकू येऊ लागते.

सर्वांत आधी ट्रॉली धुतली जाते. खताचा वास गेला पाहिजे, कारण आता तिथे माणसे झोपणार. मग चाकांच्या हबमधले बेअरिंग उघडून ग्रीस भरायचे, टायर बघायचे, पाट्यांचे बोल्ट आवळायचे. हे काम जाणती माणसे करतात. पोरांचे लक्ष असते ते माडीकडे. फाळक्यांच्या आत चारही कोपऱ्यांत आणि मध्ये लाकडी बल्ल्या किंवा लोखंडी पाइप उभे करतात, त्यांवर आडवे वासे टाकतात आणि वाशांवर फळ्या किंवा प्लायवूड ठोकतात. हा झाला वरचा मजला. त्याच्याही वर पाइप वाकवून केलेल्या कमानी आणि कमानींवर ताडपत्री. ताडपत्री एकाच अखंड तुकड्याची असावी, कारण जोड आला की पाऊस तिथूनच घरात शिरतो. बाजूंनी पडदे सोडतात, मागे शिडी लावतात.

खालच्या मजल्यावर पत्र्याच्या तळावर भाताचा पेंढा हातभर जाड अंथरतात, त्यावर सतरंजी, त्यावर गाद्या. पेंढ्याचे दोन उपयोग आहेत. तो खालून येणारी थंडी अडवतो आणि रस्त्यावरचे धक्केही गिळतो. कमानपाटे पाच टन धान्याच्या हिशेबाने बनवलेले असतात. हलक्या वजनाला ते दबतच नाहीत, त्यामुळे माणसे भरलेली ट्रॉली भरल्या पोत्यांच्या ट्रॉलीपेक्षा जास्त आदळते. ही गंमत शहरातल्या माणसाच्या लक्षात येत नाही. पहिल्या दहा किलोमीटरांत त्याच्या पाठीच्या मात्र येते.

पुढच्या भिंतीलगत शिधा ठेवतात : कणीक, डाळ, तांदूळ, साखर, तुपाचा डबा, कांदे-बटाटे. पाण्याची पिंपे आसाच्या जवळ. ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून एक वायर आत येते. तिच्यावर दोन दिवे, मोबाइल चार्ज करण्याची सोय आणि अलीकडे हटकून एक दणदणीत ध्वनिवर्धक. कुठे छपराला सौर पॅनेलही बांधलेले दिसते. भांडी खुंट्यांना, चपला पिशवीत, औषधे बीजींच्या म्हणजे आजीच्या ताब्यात. लोखंडी पत्र्याच्या सत्तर-पंचाहत्तर चौरस फुटांवर पंचवीस-तीस माणसांचा संसार मांडून होतो, तोही एका आठवड्यात आणि बहुतेक घरच्याच सामानातून. प्लायवूड एकाकडचे, पाइप दुसऱ्याकडचे, ताडपत्री तिसऱ्याची आणि डिझेलची वर्गणी सगळ्यांची.

वाटेवरचा पाहुणचार

मालव्याच्या टोकाच्या गावाहून आनंदपूर दोनशे किलोमीटरपर्यंत पडते. ताशी पंचवीस किलोमीटरने हिशेब केला तर आठ तास. पण हा हिशेब कागदावरचा. वाटेत प्रत्येक गावाने रस्त्यावर लंगर घातलेला असतो. चहा-पकोडे, खीर, जिलबी, उसाचा रस, कढी-भात. गावकरी रस्त्यात आडवे उभे राहून ट्रॉली थांबवतात. नाही म्हणायची सोय नसते. पाचव्या लंगरपाशी पोरेसुद्धा पोट धरून नको नको म्हणू लागतात, आणि तरी कुणीतरी वर चढून जिलब्यांची परात फिरवून जातो. आठ तासांचा प्रवास दीड दिवसाचा होतो तो असा. रात्रीचा मुक्काम एखाद्या गुरुद्वाऱ्याच्या आवारात.

रोपडपाशी सतलज भेटते. इथल्या बंधाऱ्यापासून निघणारा सरहिंद कालवा १८८२ पासून मालव्याला पाणी पाजतो आहे. म्हणजे ज्या पाण्यावर या मंडळींचा गहू पिकतो, त्याचे उगमस्थान वाटेत पाहायला मिळते. म्हातारी माणसे ट्रॉलीतूनच हात जोडतात. पुढे कीरतपूर. पंजाबातली अनेक कुटुंबे आपल्या माणसांच्या अस्थी इथल्या पाताळपुरीला सतलजेच्या प्रवाहात सोडतात. त्यामुळे होल्याच्या गोंगाटातही कीरतपूरला ध्वनिवर्धकाचा आवाज आपोआप कमी केला जातो. निदान बीजी शुद्धीत असतील तर नक्कीच. तिथून आनंदपूर जेमतेम दहा किलोमीटर.

आनंदपूरच्या वेशीबाहेर शेतांत आणि मोकळ्या मैदानांत ट्रॉल्यांचे नगरच वसते. ट्रॅक्टर सोडवून बाजूला, ट्रॉलीच्या चाकांना विटा, दांड्याखाली लाकडी ठोकळा; घर स्थिर झाले. रात्री टेकडीवरचा केशगढ साहिब दिव्यांनी उजळतो. शीख धर्मातल्या पाच तख्तांपैकी हे एक. आपल्या नांदेडचे हजूर साहिब हे आणखी एक, आणि तिथेही होला मोहल्ला मोठ्या थाटाने निघतो. आनंदपुरात आता २०११ साली उघडलेले विरासत-ए-खालसा हे भव्य संग्रहालयही आहे. मोशे सफदी या वास्तुरचनाकाराने ते उभे केले. दिवसा संग्रहालय, दर्शन, निहंगांचे खेळ आणि रात्री पुन्हा आपापल्या ट्रॉलीचा पेंढा. शेजारच्या ट्रॉलीत मानशाचे लोक, पलीकडे गुरुदासपूरचे. ओळखी होतात, सोयरिकींचे विषय निघतात. हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याच्या वाट्याला हे काही येत नाही.

वर्षभराहून मोठी परीक्षा

घर म्हणून ट्रॉलीची खरी परीक्षा झाली ती आनंदपुरात नव्हे, दिल्लीच्या वेशीवर. २६ नोव्हेंबर २०२० रोजी शेतीविषयक तीन कायद्यांच्या विरोधात पंजाब-हरियाणातले शेतकरी राजधानीकडे निघाले आणि सिंघू व टिकरीच्या सीमेवर थांबले ते वर्षभराहून अधिक काळ. ११ डिसेंबर २०२१ ला ते माघारी फिरले. आंदोलनाविषयी कुणाचे मत काहीही असो, इतक्या माणसांनी रस्त्यावर दोन हिवाळे कसे पाहिले, याचे उत्तर मोठ्या प्रमाणात या ट्रॉलीत आहे. होल्यासाठी दर वर्षी माडी बांधणाऱ्या हातांना घर उभारायला नव्याने शिकावे लागले नाही. तोच पेंढा, तीच ताडपत्री, त्याच कमानी. जानेवारी २०२१ च्या सुरुवातीला थंडीत पाऊस कोसळला तेव्हा कुणी ताडपत्रीखाली प्लास्टिकचा दुसरा थर दिला, कुणी पाणी निथळावे म्हणून मधली कमान वीतभर उंच केली. उन्हाळा आला तसे पडदे गेले आणि बांबूचे कूड, गवताची छपरे, कूलर आले. या वस्तीने काढलेल्या नियतकालिकाचे नावही ‘ट्रॉली टाइम्स’. त्याचा पहिला अंक १८ डिसेंबर २०२० चा.

पण तिथे ट्रॉल्या उभ्या होत्या. उभी ट्रॉली घर म्हणून उत्तम. चालती ट्रॉली मात्र वेगळी गोष्ट आहे, आणि पंजाबातल्या शहाण्या मिस्त्रीला हे पक्के ठाऊक असते.

हिशेब सोपा आहे. पन्नास किलोची शंभर पोती म्हणजे पाच टन गहू ट्रॉली सहज ओढते. तीस माणसे सरासरी पंचावन्न किलोची धरली तर दीड टनाच्या थोडे वर, शिधा-पाणी धरून दोन-सव्वादोन टन. निम्म्याहून कमी! मग भीती कसली? भीती वजनाची नाही, ते वजन कुठे आहे याची आहे. ट्रॉलीचा तळ जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असतो. पोती त्याच्यावर तीन फूट रचली तर भाराचा मध्य पाच फुटांवर येतो. माडीचा तळ मात्र सात फुटांवर, म्हणजे तिथे बसलेल्या माणसाचा भार आठ फुटांवर. चाकांमधले अंतर तेवढेच, पाच-सहा फूट. शिवाय पोते वळणावर जागचे हलत नाही. माणसे हलतात. डावीकडे मोर दिसला की पंधराच्या पंधरा पोरे डावीकडे धावतात.

दुसरी गोष्ट ब्रेकची. शेतीच्या कित्येक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. मागचे सगळे ओझे थांबवायचे ते ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांनी. त्यातही ट्रॅक्टरला ब्रेकची दोन पायटे असतात, एक डाव्या चाकाचे, एक उजव्या. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ती सुटी ठेवतात. रस्त्यावर येताना दोन्ही खिटीने जोडायची असतात. नाही जोडली आणि घाईत पाय एकावरच पडला, तर ट्रॅक्टर गर्रकन एका बाजूला फिरतो आणि मागची ट्रॉली त्याला ढकलत राहते. सपाट मालव्यात आयुष्य गेलेला चालक गढशंकरच्या बाजूने शिवालिकच्या टेकड्या ओलांडू लागतो तेव्हा ही खिटी, उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये न टाकण्याची सवय आणि हुकातली पिन, एवढ्या तीन गोष्टींवर तीस जणांचा जीव असतो.

आणि तो जातोही. १ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तर प्रदेशात कानपूरजवळ देवदर्शनाहून परतणारी ट्रॉली तळ्यात उलटली आणि सव्वीस जण गेले, बहुतेक बायका आणि मुले. २४ फेब्रुवारी २०२४ ला कासगंज जिल्ह्यात माघी पौर्णिमेच्या गंगास्नानाला निघालेली ट्रॉली तळ्यात गेली. तिथेही वीसहून अधिक बळी. आपल्याकडे ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यात आलेगावला मजूर बायकांना शेतावर नेणारी ट्रॉली विहिरीत पडली आणि सात जणी दगावल्या. तळे आणि विहीर यांत या अपघातांचे अर्धे भीषणपण आहे. उलटलेल्या ट्रॉलीचे फाळके झाकणासारखे वरून बसतात. वर माडी आणि ताडपत्री बांधलेली असेल तर बाहेर पडायला वाट कुठली?

कायद्याने मालाच्या गाडीतून माणसे नेता येत नाहीत. होल्याच्या दिवसांत प्रशासन अलीकडे दुमजली ट्रॉल्यांना आणि कर्कश ध्वनिवर्धकांना मज्जाव करते, नाक्यांवर माडी उतरवायलाही लावते. गावकरी वैतागतात. बसने एवढी माणसे, एवढा शिधा, एवढी म्हातारी मंडळी नेणे परवडणार कसे, हा त्यांचा प्रश्न खोटा नाही. बस पोचवते, पण तिथे तीन रात्री झोपायला देत नाही. पण कानपूरची ट्रॉलीही परवडते म्हणूनच निघाली होती. या वादात पोलिसांची बाजू घेणे मेळ्यात कुणाला आवडत नाही. तरी माडीपुरती तरी ती घ्यावीच लागते.

गंमत म्हणजे मधली वाट पुष्कळ ट्रॉल्यांनी आपणहून काढलेली दिसते. माडी काढून टाकायची. खालच्या मजल्यावरच गाद्या, जड शिधा पुढच्या बाजूला पण अगदी तळाशी. एका आसाच्या ट्रॉलीत भार आसाच्या थोडा पुढे हवा. मागे जास्त झाला तर दांडा वर उचलला जातो, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांची पकड जाते आणि ट्रॉली शेपटीसारखी हेलकावे खाऊ लागते. फार पुढे झाला तर चढावर ट्रॅक्टरचेच तोंड उचलते. हुकाला पिनेखेरीज एक लोखंडी साखळी, म्हणजे पिन निसटली तरी ट्रॉली रस्ता सोडून जाणार नाही. मागे लाल दिवे आणि चमकणाऱ्या पट्ट्या, जशा आपल्याकडे उसाच्या ट्रॉल्यांना हंगामात लावायला सांगतात. गॅसची टाकी पेंढ्यापासून दूर, मागच्या फाळक्याबाहेर उभी बांधलेली आणि स्वयंपाक फक्त मुक्कामावर, जमिनीवर. शिवाय माणसांची एक ट्रॉली आणि सामानाची वेगळी असेही काही गावे करू लागली आहेत. काही जण त्याहून पुढे गेले आहेत : ट्रॉलीतून फक्त शिधा, तंबू आणि दोन राखणदार, बाकी गाव बसने.

मराठी वाचकाला ही शेवटची पद्धत ओळखीची वाटेल. आषाढीच्या वारीत दिंडीचा ट्रक किंवा ट्रॅक्टर राहुट्या, भांडी, शिधा घेऊन पुढच्या मुक्कामी जातो आणि वारकरी मागून चालत येतात. मालाची गाडी मालाची राहते. घुमानमार्गे पंजाबशी नामदेवांचे नाते जोडलेल्या मराठी माणसाला एवढी एक सूचना पंजाबी शेजाऱ्याला करायला हरकत नसावी. अर्थात दोनशे किलोमीटर चालत या, असे मालव्यातल्या बीजींना सांगायला कोण जाईल, हा प्रश्न उरतोच.

उत्सव संपतो. चौथ्या दिवशी दांड्याखालचे ठोकळे निघतात, विटा शेताच्या बांधावर राहतात. परतीला लंगर कमी असतात आणि झोप जास्त. गावात पोचल्यावर ताडपत्री झटकून घडी होते, पाइप ज्याचे त्याच्या घरी जातात. पेंढा फावड्याने ओढून गोठ्यात जनावरांखाली अंथरला जातो. त्यात एखादी लहान मुलाची चप्पल, एखादा चमचा, कुणाचा तरी कंगवा सापडतो. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात तीच ट्रॉली काठोकाठ गहू भरून मंडीच्या फाटकाशी रांगेत उभी असते. फाळक्यांच्या आतल्या बाजूला बल्ल्या बांधल्या होत्या तिथे रंग खरवडलेला तेवढा दिसतो.